खासरा पत्रक ते संपादनाची नोटीस
(नांदेड-लातूरच्या शेतीचा पाऊणशे वर्षांचा वृत्तान्त)

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या या वार्षिक अंकासाठी ‘आपल्या भागातील शेती व विकासाच्या योजना’ या विषयावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा आम्ही प्रथम माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरविली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एक पेटी असतेच. आमच्या पेटीत फसली सनाच्या शेतसाऱ्याच्या काही पावत्या निघाल्या, उर्दू लिपीतील खासरा पत्रकाची एक जीर्ण नक्कल निघाली, शाईने हाती लिहिलेले सातबाराचे उतारे निघाले, आणि अगदी वर, कोरी करकरीत, महामार्गासाठी जमीन घेण्याविषयीची नोटीस निघाली. हे कागद काळाच्या क्रमाने जमिनीवर मांडले आणि लिहावयाचे काय, हे आमच्या ध्यानात आले. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत जमीन कसणाऱ्या बहुसंख्य माणसांचे नाव सरकारी दप्तरात मालक म्हणून लागले, त्यास अद्याप पाऊणशे वर्षेही झाली नाहीत. ज्या आजोबांनी ते नाव लागलेले पाहिले, त्यांच्याच नातवाच्या हाती ते कमी करण्याची नोटीस पडत आहे. शेतकरी विकासाच्या आड येतो असे शहरातील आपले काही बांधव म्हणतात. त्यांनी हा काळाचा हिशेब एकदा मांडून पाहावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आजच्या तरुण वाचकांस हे दोन जिल्हे सदैव असेच होते असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः लातूर हा जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. त्यापूर्वी लातूर व औसा हे तालुके उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होते. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा बीदर म्हैसूर राज्यात गेला आणि हे तीन तालुके उस्मानाबादेस जोडले गेले. नांदेडचेही तसेच. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्रात गेली, धर्माबाद इकडे राहिले आणि किनवट आदिलाबादकडून आपल्याकडे आले. आपल्या अनेक कुटुंबांच्या लेकी सीमेच्या पलीकडे नांदतात त्या यामुळे. सीमा नंतर आली, सोयरिकी आधीच्या होत्या. गेलेल्या मंडळांबरोबर दप्तरही गेले, आणि जुना उतारा हवा असेल तर आपला माणूस परराज्यातील कचेरीत हेलपाटे घालू लागला.

निझामाच्या मुलखात जमिनीचे तीन प्रकार होते. दिवाणी अथवा खालसा मुलूख सरकारचा, सर्फेखास म्हणजे खुद्द निझामाच्या खासगी खर्चाचा, आणि उरलेला जहागिरी, पायगा व संस्थाने यांचा. साधारणतः राज्याचा सहा दशांश भाग दिवाणी, एक दशांश सर्फेखास व तीन दशांश जहागिरी असे मानले जाते. दिवाणी मुलखात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन पट्टेदार ठरले होते. सारा ठरलेला असे व पावती मिळे. जहागिरीत असा भरवसा नव्हता. तेथे जहागीरदाराचा कारभारी सांगेल तो सारा आणि ठेवील तोवर वहिवाट. दोन्हीकडे खऱ्या अर्थाने जमीन कसणारा पुष्कळ वेळा तिसराच असे. त्यास आसामी शिकमी म्हणत. पट्टा एकाचा, नांगर दुसऱ्याचा आणि पिकातील मोठा वाटा पहिल्याचा, अशी ही रीत होती. १३५४ फसलीत, म्हणजे १९४५ च्या सुमारास, या शिकमीदारांस थोडे संरक्षण देणारा कायदा हैदराबाद सरकारने केला. पण खेड्यापर्यंत कायदा पोहोचण्यापूर्वी महायुद्धाच्या दिवसांतील धान्याची लेव्ही पोहोचली होती. खळ्यावरची ज्वारी आधी लेव्हीत घालावी आणि मग उरेल ते घरी न्यावे, याच्या कथा आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. आमचे पणजोबा शिकमीदारच होते. मन्याडकाठची ती जमीन त्यांनी आयुष्यभर कसली. पण पेटीतील फसली सनाच्या पावत्यांवर त्यांचे नाव कोठेही नाही. सारा त्यांनी भरला, पावती पट्टेदाराच्या नावे फाटली. ती पावती त्यांनी का जपून ठेवली असेल, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतरच्या दिवसांबद्दल आपल्या अंकांतून आजवर गौरवाचेच लिहिले गेले आणि ते योग्यही आहे. परंतु इतिहास लिहावयाचा तर हेही नमूद करणे प्राप्त आहे, की कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान रयतेची फार हानी झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड हे तीन आपल्याच भागातील होते. त्या दिवसांत माणसांप्रमाणे घरे व शेतेही सुटली. काही उताऱ्यांवरील नावे त्या वर्षात कशी बदलली, हे गावातील वृद्धांस ठाऊक असते, पण ते बोलत नाहीत.

१९४९ साली जहागिरी नष्ट झाल्या व सर्फेखास खालसात विलीन झाला. १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ‘संरक्षित कूळ’ हा शब्द खेड्यात रुजला तो या कायद्याने. पुढे त्यातील कलम ३८ ई प्रमाणे संरक्षित कुळांस मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. हक्कनोंदीचा नियम आधीच, १३५८ फसलीत झाला होता. त्यास धरून गावोगाव पाहणी झाली आणि ‘खासरा पाहणी पत्रक’ तयार झाले. १९५४-५५ चे पत्रक आजही आधार म्हणून मागितले जाते. आमच्या पेटीतील नक्कल त्याच पत्रकाची. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पीक आणि ‘कब्जेदार’ या रकान्यात पणजोबांचे नाव. घरात लग्न असावे तसा त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक झाला होता, असे आजी सांगे.

हा कायदा सर्वत्र असाच फळला असे मात्र कोणी समजू नये. कुळाची नोंद होण्यापूर्वीच त्याच्याकडून ‘राजीखुशीने’ जमीन सोडल्याचे कागद करून घेण्याचे प्रकार सर्रास घडले. येथे आम्हांस स्वकीयांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपला समाज केवळ कुळांचा नव्हता. आपल्यातही पट्टेदार घराणी होती आणि त्यांपैकी काहींनी आपल्याच ज्ञातीच्या कुळांस, तसेच महार-मांग बांधवांस, अंगठा घेऊन शेतावरून उठविले. त्या घराण्यांनी पुढे वसतिगृहास देणग्या दिल्या, सभागृहास फरशी घातली, हे खरे. तरीही उठविलेल्या कुळांच्या नातवंडांस ते सभागृह आपले वाटत नाही, हेही तितकेच खरे. आज संपादनाच्या नोटिसा मोठ्या खातेदारांसही येत आहेत आणि अन्यायाची भाषा सर्वांच्या तोंडी एकच आहे. म्हणून ही आठवण दिली.

खासरा पत्रकाच्या भाषेविषयी थोडे विषयांतर करतो. घाईने लिहिलेल्या उर्दूत नुक्ते गाळले जात. शब्दारंभी ‘ब’ आणि ‘न’ यांत फरक तो केवळ नुक्ता वर की खाली एवढाच. पुढे पत्रकांचे मराठीत रूपांतर झाले तेव्हा आमच्या पणजोबांच्या नावातील ‘ब’ चा ‘न’ झाला आणि ते आपल्याच शेतात परके ठरले. साठ वर्षे याने काहीच बिघडले नाही. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी मराठवाडाभर जुनी खासरा व पाहणी पत्रके चाळली गेली, मोडी व उर्दू वाचणाऱ्यांस एकाएकी मागणी आली, तेव्हा पुष्कळ कुटुंबांस आपापल्या घरचे असे ‘नुक्ते’ सापडले. जातीच्या नोंदीसाठी कागद शोधावयास गेलेला मनुष्य जमिनीची चूक घेऊन परतला, असे प्रसंग आम्ही स्वतः पाहिले.

आता त्या जमिनीवरील जीवन कसे होते ते सांगणे अगत्याचे आहे. काळ्या भारी जमिनीत रब्बीची शाळू ज्वारी, करडई, जवस, हरभरा. हलक्या रानात खरिपाची ज्वारी, तूर, मूग, अंबाडी. आणि नांदेडकडे गावरानी कापूस. हा गावरानी कापूस तलम धाग्यासाठी हैदराबाद राज्याबाहेरही नावाजलेला होता आणि नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा हे त्या काळच्या आसपासच्या गावांचे घड्याळ होते. लातूरची पेठ धान्याची व गळिताची. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातुरास आली आणि बालाघाटाच्या पठारावरची तूर व करडई बार्शी-कुर्डुवाडीच्या वाटेने बाहेर जाऊ लागली. या गाडीची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

या शेतीचा कणा ज्वारी होता, असे आम्ही म्हणतो ते भाकरीमुळे नव्हे. ज्वारीचे कणीस माणसास आणि कडबा बैलास जाई. बैल होता म्हणून नांगर, मोट व गाडी चाले, शेण होते म्हणून खत मिळे आणि खत होते म्हणून पुन्हा ज्वारी येई. लातूरच्या बाजूस देवणी आणि नांदेडच्या बाजूस लाल कंधारी, असे दोन नामांकित वाण याच साखळीने सांभाळले. देवणीत वानेरा, बालंक्या व शेवरा असे रंगावरून भेद जाणते लोक करीत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारीची जोडी घेऊन जाणाऱ्या कास्तकाराचा दिमाख काही वेगळाच असे. सोयाबीन आले आणि ही साखळी तुटली. १९९० नंतर सोयाबीनने लातूरचे रान असे व्यापले, की आज लातूरची बाजार समिती सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर ओळखली जाते. पीक तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, रोकड देते आणि मागे हरभऱ्यास रान मोकळे करते, हे सर्व खरे. पण त्याचा कडबा होत नाही. कडबा नाही म्हणून बैल परवडत नाही, बैल नाही म्हणून पेरणी-मळणीस ट्रॅक्टर व यंत्र, आणि त्यासाठी रोकड. ती पुन्हा सोयाबीनच्याच भावावर अवलंबून. कोणी सक्ती केली नव्हती. शेतकऱ्याने डोळे उघडे ठेवून केलेला हा बदल आहे, आणि त्यास दोष देण्यापूर्वी ज्वारीस मिळणारा भाव आठवावा.

मध्यंतरी १९७२ चा दुष्काळ पडला. तो ज्यांनी पाहिला ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. परदेशची तांबडी मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे, एवढे शब्द उच्चारले तरी त्यांचे चेहरे बदलतात. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर काम केले नव्हते, अशा घरांतील स्त्रियाही पदर कपाळापर्यंत ओढून खडी फोडावयास बसल्या. याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आमच्या गावाशेजारून जाणारा रस्ता त्याच दुष्काळात तयार झाला. आमच्या वडिलांनी त्यावर खडी फोडली आणि रस्त्यासाठी आपल्या शेताची कडही सोडली. मोबदला कोणी मागितला नाही. रस्ता व्हावा असे सर्वांनाच वाटत होते; बाळंतिणीस बैलगाडीतून तालुक्यास नेताना वाटेत काय होते, हे घरोघर ठाऊक होते. शेतकरी जात्याच रस्त्याचा वैरी नाही, याचा हा आमच्या घरचा पुरावा.

धरणांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मन्याडवर बारूळचे, पैनगंगेवर ईसापूरचे, मांजरेवर धनेगावचे, आणि नांदेडजवळ गोदावरीचे पाणी पंपांनी उचलणारा विष्णुपुरीचा प्रकल्प, यांमुळे जिथे पाणी गेले तिथे दैन्य कमी झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ईसापूरच्या कालव्याने अर्धापूरच्या शिवारात केळीचे मळे उभे केले. शंकरराव चव्हाणांसारख्या पाटबंधाऱ्यांचा ध्यास घेतलेल्या पुढाऱ्याचे ऋण हा भाग मानतो ते उगाच नव्हे. पण ज्याची जमीन बुडते तो एक, आणि ज्याच्या शेतात पाट येतो तो दुसरा; हे दोघे एकमेकांस क्वचितच भेटतात. कधी तर ते दोन राज्यांत असतात. निझामाबाद जिल्ह्यातील पोचमपाड धरणाची, म्हणजेच आजच्या श्रीरामसागराची, पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते २६ जुलै १९६३ रोजी झाली. त्याच्या फुगवट्याने बिलोली-धर्माबादकडील गोदाकाठची उत्तम जमीन गिळली आणि पाणी तेलंगणास मिळाले. आपल्या हिश्श्याचे पाणी अडविण्यासाठी महाराष्ट्राने त्याच फुगवट्याच्या पट्ट्यात बाभळीचा बंधारा बांधला. त्यावरून दोन राज्यांत एवढा वाद पेटला, की २०१० साली आंध्राचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांस धर्माबादेस अटकेत राहावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. बंधारा राहिला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारे उघडी ठेवावयाची. म्हणजे नदीस पूर असतो तेव्हा पाणी वाहू द्यावयाचे आणि पूर ओसरला की अडवावयाचे. शिवाय १ मार्चला ठरलेले पाणी खाली सोडावयाचे. २.७४ टीएमसीच्या त्या बंधाऱ्याकडे पाहत काठावरचा शेतकरी हा हिशेब दरवर्षी करतो.

आणि लेंडी. मुखेड तालुक्यातील या आंतरराज्य प्रकल्पाचे काम १९८० च्या दशकात सुरू झाले. धरण अर्धवट, पुनर्वसन अर्धवट, अशा अवस्थेत एक अख्खी पिढी वाढली. बुडणार म्हणून घरास नवी भिंत घालावयाची नाही, विहीर खोल करावयाची नाही, मुलास त्या गावची मुलगी सांगून येत नाही. असे हे जगणे होते. तीस-पस्तीस वर्षे ‘पुढच्या पावसाळ्यात’ हा एकच शब्द ऐकल्यावर लोक तो ऐकेनासे होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तो पावसाळा आला. ढगफुटीसारख्या पावसात रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली या गावांत रात्रीतून पाणी भरले, लोक छपरांवर अडकले, सैन्य बोलवावे लागले आणि माणसे व गुरे प्राणांस मुकली. गाव सोडले का नाही, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. तो विचारण्याचा अधिकार फार थोड्यांस आहे.

लातूरच्या वाट्यास निराळे संकट आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले असता, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हीच मृत्यूची कारणे ठरली. शासनाने आणि देशभरच्या संस्थांनी केलेली मदत खरोखर मोठी होती. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. पण जमिनीच्या कागदाविषयी आम्ही जे सांगत आहोत त्यास धरून एक गोष्ट वाचकांनी पाहावी. नवे घर कुटुंबाच्या माणसांवरून ठरले नाही, ते जमिनीच्या धारणेवरून ठरले. भूमिहीन आणि अगदी लहान खातेदारास २५० चौरस फूट, आणि सर्वांत मोठ्या खातेदारास ७५० चौरस फूट. ज्याच्या आजोबांकडून १९५० च्या सुमारास अंगठा घेतला गेला होता, त्याचा नातू त्या अंगठ्यामुळे १९९३ नंतर लहान घरात गेला. नवी गावे रुंद रस्त्यांची, ऐसपैस आखलेली. त्यांस जागा लागली ती अर्थातच शेतांची. जुन्या गावकुसातील दाट वस्ती विस्कटली, शेत घरापासून लांब गेले आणि गोठ्यास जागाच राहिली नाही. त्या भागात बैल कमी होण्यास सोयाबीनइतकेच हेही एक कारण झाले, असे आमचे मत आहे.

मांजरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यास ठरल्या वेळी ठरला पैसा हाती येतो हा अनुभव प्रथमच मिळाला. विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली लातूरचे रूप पालटले. शिक्षणाचा ‘लातूर पॅटर्न’ झाला, पेठ वाढली, शहर चोहोबाजूंनी शेतांत शिरले. उसास मात्र पाणी लागते, आणि धनेगावचे धरण तर पावसावर. विहिरी गेल्या, विंधन विहिरी शेकडो फूट खाली गेल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी दहा वाघिण्यांतून पाच लाख लिटर पाण्याची पहिली खेप लातुरास पोहोचली. ‘जलदूत’ हे तिचे नाव जगभर छापले गेले. ती गाडी आली त्या मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी मार्गानेच. १९११ साली आलेल्या त्या अरुंद लोहमार्गाचा आता रुंद मार्ग झाला होता. पणजोबांच्या काळी जी वाट लातूरचे धान्य बाहेर नेई, त्याच वाटेने लातूरकरांचे पिण्याचे पाणी आत आले. उसावर बंदी घाला असे म्हणणे सोपे आहे. उसासारखा हमखास खरेदीदार तुरीस व करडईस का मिळत नाही, हे कोणी विचारीत नाही.

आता रस्ते. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड-अर्धापूर असा पुढे नागपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेसाठी जमिनी गेल्या. आणि २०२४ साली पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची अधिसूचना निघाली. बारा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या मार्गाने ज्या देवस्थानांस जोडावयाचे, त्यांत माहूरची रेणुका आपल्याच नांदेड जिल्ह्यातील. अर्धापूरच्या केळीवाल्यांनी मोजणीस विरोध केला. विरोध इतरत्रही झाला आणि पहिली प्रक्रिया थांबली. पुढे २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मार्गास मान्यता दिली. ज्या कालव्याने तीस-चाळीस वर्षांत मळे उभे केले, त्याच मळ्यांतून रस्ता जाणार. म्हणजे एका विकासाने दिलेले दुसरा विकास मागत आहे. रेणुकेस जावयास आम्हांस आजवर वाट सापडली नाही असे कधी झाले नाही, असे एका वृद्ध बागाईतदाराने आम्हांस सांगितले. त्यावर काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

१ जानेवारी २०१४ पासून १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याऐवजी नवा कायदा आला आणि पूर्वीच्या मानाने मोबदला पुष्कळ वाढला. धरणांत जमीन गेलेल्या पिढीस जे मिळाले त्याशी आजच्या रकमेची तुलनाच होऊ शकत नाही. अनेक तरुणांस नोटीस हवीहवीशी वाटते, हे आपण मान्य केले पाहिजे. कोरडवाहू चार एकरांवर चार भावांचे चालत नाही, आणि त्यांनी पैसे घेऊन नांदेडात दुकान थाटले तर त्यात वावगे काय? पण मोबदल्याचा कागद घरात आला की घरातीलच हिशेब निघतो. आमच्या बाबतीत असेच झाले. ज्या रस्त्याची खडी वडिलांनी फोडली होती तोच रुंद होताना आमची सात गुंठे जमीन गेली. एका कचेरीत आमचा अर्ज पणजोबांच्या नावातील त्या नुक्त्यामुळे अडला आणि तीन वर्षे हलला नाही. अखेर उर्दू जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी नक्कल वाचून लेखी दिले, तेव्हा काम पुढे सरकले.

तोवर दुसरा प्रश्न उभा राहिला, तो बहिणींचा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी आपल्या समाजात वडील वारले की चौदाव्या दिवसानंतर बहिणींस तालुक्यास नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची चाल अद्याप आहे. साडीचोळी करून त्यांची बोळवण होते. जमीन पिकत होती तोवर बहिणी हसत सही करीत. माहेर तुटू नये एवढेच त्यांस हवे असे. आता जमिनीची रक्कम झाली. कुळाच्या अंगठ्याविषयी वर आम्ही जे लिहिले ते लिहिताना या सह्या आमच्या डोळ्यांपुढे होत्या. आम्ही तिघे भाऊ, दोघी बहिणी. बहिणींच्या सह्या आम्हीही घेतल्या होत्या. सात गुंठ्यांच्या रकमेचे पाच भाग झाले ते आमच्या औदार्याने नव्हे. थोरल्या बहिणीने विचारले, की खासरा पत्रकात नाव लागले त्या दिवशी पुरण कोणी वाटले होते? ते आजीने वाटले होते, आणि आजीचे नाव पेटीतील कोणत्याही कागदावर नाही.

मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस, आमच्याकडील शब्दांत येळवशीस, लातूर शहर ओस पडते. दुकाने बंद, रस्ते रिकामे आणि सारे जण शेतावर. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारावयाची, आत पाच पांडव मांडावयाचे, आंबील, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवावयाचा आणि रात्री पेटता हेंडगा ज्वारीभोवती फिरवावयाचा. नांदेडच्या सीमेवरील गावांतही हा सण होतो. शेत गेलेली कुटुंबे या दिवशी दुसऱ्यांच्या शेतावर जातात. कोणी त्यांस नाही म्हणत नाही, आणि पहिला घास त्यांस देतात. या वर्षी आमच्या उरलेल्या रानात सोयाबीनमागे हरभरा होता. कोपीस कडबा नव्हता. शेजारच्या शिवारातून पाच पेंढ्या विकत आणल्या आणि महामार्गाच्या कठड्यालगत कोप उभी केली. वाहनांच्या आवाजात बोलणे नीट ऐकू येत नव्हते. जेवणे झाल्यावर पेटीतील कागद सर्वांनी पाहिले. खासरा पत्रकाच्या छायाप्रती आम्ही तिन्ही भावांनी घेतल्या. मूळ नक्कल थोरल्या बहिणीने मागितली आणि ती पिशवीत घालून आपल्या गावी घेऊन गेली.